वाटेकडे तोंड केलेला दगड

१

बाळांनो, जरा माझ्याबरोबर चला. डोळे मिटू नका, नुसती कल्पना करा. एक लोखंडी फाटक आहे, गंजलेलं, उघडताना कुरकुरणारं. फाटकापासून एक सरळ खडीची वाट निघते आणि थेट चॅपेलच्या दारापर्यंत जाते. सकाळची वेळ आहे, पण ऊन नाही. धुकं असं खाली उतरलंय की चॅपेलचा क्रूस दिसतो आणि त्याखालचं छप्पर दिसत नाही. वाटेच्या उजव्या हाताला, अगदी कडेला, दगडांची एक रांग आहे. थडग्यांचे दगड. या मिशनची जुनी माणसं तिथे निजलेली आहेत.

आता नीट बघा हं. वाटेवरून चालताना तुम्हांला या सगळ्या दगडांच्या पाठी दिसतात. कोरीव अक्षरं पलीकडच्या बाजूला, पूर्वेकडे. वाचायची तर गवतातून पलीकडे जावं लागतं. फक्त एका दगडाचं तोंड वाटेकडे आहे. तो संस्थापकांचा, या मिशनच्या पहिल्या पाळकांचा. जहाजातून, मग बैलगाडीतून, मग पायी असे ते इथे आले. आधी शाळा बांधली, मग दवाखाना, मग चॅपेल. पुढे या एवढ्याशा मिशनचा मोठा धर्मप्रांत झाला, त्याला बिशप मिळाले, शहरात कॅथीड्रल उभं राहिलं. संस्थापक मात्र इथेच राहिले.

त्यांचा दगड उलटा का, याची मिशनमधल्या मुलांची एक गोष्ट होती. मुलं म्हणायची, ते बाकीच्यांवर रुसलेत. मोठी माणसं म्हणायची, छे, येणाऱ्याजाणाऱ्याला नाव वाचता यावं म्हणून तसा लावलाय. दोन्ही गोष्टी सगळ्यांना पटलेल्या होत्या.

त्या सकाळी त्या दगडामागचं थडगं उघडलेलं होतं. नवीन बिशपांची इच्छा होती की संस्थापकांच्या अस्थी कॅथीड्रलमध्ये, वेदीच्या शेजारी मानाने ठेवाव्यात. खड्ड्याभोवती माणसं गोळा झाली होती. बिशप, त्यांचे चिटणीस, कुदळ घेतलेला गवंडी, आणि जरा मागे दफनभूमीचा राखणदार. राखणदाराच्या कोटाला धरून त्याची मुलगी उभी होती. ती सदान्‌कदा बापाच्या मागे असायची, म्हणून तिला सगळे शेपूट म्हणायचे. तिलाही त्याचं काही वाटत नसे.

अस्थी सापडल्या. शवपेटीचं लाकूड केव्हाच माती झालं होतं. पण जे हवं होतं ते नव्हतं.

"क्रूस कुठे आहे?" बिशपांनी विचारलं.

संस्थापकांना छातीवर चांदीचा क्रूस ठेवून पुरलं होतं. गळ्यात घालून जहाजातून आणलेला, या मिशनमधला पहिला क्रूस. दर वर्धापनदिनाच्या उपदेशात ही हकिगत सांगितली जायची. शेपटीला ती तोंडपाठ होती.

गवंड्याने माती चाळली. पुन्हा चाळली. काही नाही.

तेवढ्यात चिटणीस खड्डा सोडून दगडाच्या दुसऱ्या बाजूला, वाटेकडे गेले आणि खाली वाकले.

"साहेब, इकडे या," ते म्हणाले. "इथली खडी बघा. बाजूला सारून परत पसरलेली आहे. खालची माती ताजी आहे. कोणीतरी इथे उकरलंय, आणि तेही हल्लीच."

सगळ्यांच्या माना राखणदाराकडे वळल्या. फाटकाची किल्ली त्याच्याकडे. फावडं त्याचं.

शेपटीला वाटलं, बाबा आता हसतील आणि म्हणतील, अहो, मी तिथे काहीतरी लावलंय. बाबा हसले नाहीत. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"हो," ते म्हणाले. "मीच उकरलं."

"कशासाठी?"

राखणदाराने तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानंतर कोणी काहीही विचारलं तरी त्याने एक अक्षर काढलं नाही.

२

राखणदाराचं घर फाटकाला लागूनच होतं. दोन खोल्या आणि मागे पाण्याची टाकी. नोकरीबरोबर मिळालेलं घर, नोकरी गेली की जाणारं घर.

आतल्या खोलीत शेपटीची आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती हॉस्पिटलमधून आल्यापासून अशीच होती. जाताना पोट मोठं होतं, येताना हात रिकामे होते. बाळ जन्मलं आणि रडलंच नाही, एवढंच शेपटीला सांगितलेलं. बाबांनी पाळणा उचलून टाकीमागे नेऊन ठेवला होता. आई जेवायला बसायची, दोन घास खायची, पुन्हा भिंतीकडे वळायची.

"बाहेर काय गलका होता?" आईने भिंतीलाच विचारलं.

"काही नाही," बाबा म्हणाले.

पण काही नाही कसं? चिटणीस पोलिसांना बोलवायला निघाले होते. बिशपांनीच हात वर केला. "रविवारपर्यंत थांबू. आर्चडिकनना पाठवतो. ते विचारपूस करतील. रविवारी उपासना झाली की निर्णय." याचा अर्थ शेपटीला कळत होता. रविवारी बाबांना नेणार, आणि आई अंथरुणासकट कुठे जाणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

आर्चडिकन दुसऱ्या दिवशी आले. उंच, वाकलेले, खोकणारे, हातात छत्री. आल्या आल्या पायरीवरच बसले, कारण आत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर औषधं होती. शेपटीने चहा आणला. कप ठेवून ती दाराला चिकटून उभी राहिली.

"घाबरलीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही बिशपांपेक्षा मोठे आहात का?"

"छे गं. बिशप म्हणजे काय माहीत आहे? जुन्या ग्रीक भाषेत देखरेख करणारा. वरून बघणारा. आणि डीकन म्हणजे वाढपी. पहिल्या मंडळीत विधवांच्या पंक्तीला अन्न वाढायला नेमलेली माणसं. आर्च म्हणजे मुख्य. तेव्हा मी झालो मुख्य वाढपी." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आणि बघ, चहा मात्र तूच वाढतेयस."

शेपटीला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं. तिने दोन्ही गिळलं.

"आजोबा, माझ्या बाबांनी चोरी नाही केली."

"कशावरून?"

"माहीत नाही," ती म्हणाली. आर्चडिकननी मान हलवली, रागावून नव्हे.

"खरं बोललीस. माहीत नाही तर तसं म्हणालीस. आता एक कर, माझ्याबरोबर हिंड. मला बारीकसारीक धड दिसत नाही. तू बघ आणि जे दिसेल तेच सांग. जे वाटतं ते मागाहून."

मग ते आत जाऊन राखणदारासमोर उभे राहिले.

"काय उकरलंत, एवढंच सांगा. बाकी मी बघतो."

राखणदाराने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मला नेऊ द्या पोलिसांना. पण साहेब, तुमच्या पाया पडतो, तिथे पुन्हा कुदळ लावू नका."

३

चिटणिसांची कचेरी चॅपेलच्या मागे होती. टेबलावर प्रत्येक पेन्सिल टोक करून एका बाजूला तोंड करून ठेवलेली. चिटणीस वाईट माणूस नव्हते, बाळांनो. ते फक्त अशा माणसांपैकी होते ज्यांना दुसऱ्याने शंका काढलेली खपत नाही.

"सरळ गोष्ट आहे," ते म्हणाले. "अस्थी नेणार हे त्याला कळलं. क्रूस आपल्या हातून जाणार म्हणून त्याने आधीच काढला. मागून, तिरकं भोक पाडून."

"तिरकं भोक," आर्चडिकन म्हणाले. "वाटेकडून सुरू करून, दगडाच्या खालून, पलीकडच्या थडग्यातल्या माणसाच्या छातीपर्यंत? चिटणीससाहेब, तो राखणदार आहे, घूस नाही."

शेपूट फुसकन हसली. चिटणिसांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती लगेच जमिनीकडे बघू लागली.

"ही इथे कशाला?"

"ती माझे डोळे आहे. मला सांगा, खणायची जागा कोणी आखली?"

"मी. चुना टाकून. रांगेतलं प्रत्येक थडगं दगडाच्या पूर्वेला आहे. डोकं दगडाशी, पाय पूर्वेला. त्याच ओळीत मी चौकोन मारला. अगदी काटेकोर."

"का बरं सगळे पूर्वेला पाय करून असतात?"

"आर्चडिकनसाहेब, तुम्ही मला विचारता? प्रभू पूर्वेकडून येणार अशी जुन्या मंडळीची श्रद्धा. पुनरुत्थानाच्या दिवशी मृत उठून बसतील तेव्हा त्यांची तोंडं पूर्वेला असावीत. हे रविवारच्या शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे."

"बरोबर. आणि दगडाचं तोंड उलटं आहे हे तुमच्या लक्षात आलं होतं?"

"सगळ्यांच्याच लक्षात आहे. लोकांना वाचता यावं म्हणून."

"असं कोण म्हणालं?"

चिटणीस थांबले. "म्हणजे... असंच म्हणतात."

आर्चडिकन उठले आणि छत्री टेकत दारापर्यंत गेले. तिथे त्यांना खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर त्यांनी मागे वळून विचारलं, "जागा आखताना तुम्हांला कोणी हटकलं होतं का?"

चिटणिसांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"गवंड्याने काहीतरी बडबड केली होती. मी लक्ष दिलं नाही. आणि एक सांगतो, साहेब, त्या गवंड्याचीही झडती घ्या. खड्ड्यात उतरला होता तो, आणि वर आल्यावर सारखा खिशात हात घालत होता. मला ते आत्ता आठवतंय."

४

गवंडी दवाखान्याच्या मागे विटा रचत होता. आर्चडिकनना पाहताच त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि मग, जणू खिसा तापलेला असावा तसा, झटकन परत आला.

"दादा, काय आहे खिशात?" आर्चडिकननी विचारलं.

"काही नाही साहेब. तंबाखू."

"मग द्या की थोडी."

गवंडी ओशाळला. त्याने हातातली वीट खाली ठेवली. मग त्याने खिशातून एक लहानशी काळवंडलेली वस्तू काढून आर्चडिकनच्या तळहातावर ठेवली.

"देवाशप्पथ साहेब, चांदी नाही ती. तांबं आहे. बायको शिवण करते, म्हटलं तिला होईल. क्रूस असता तर हात तरी लावला असता का? नरकात जायचंय का मला?"

"शेपूट, काय आहे बघ."

"अंगुस्तान," ती म्हणाली. "सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते. पण आजोबा, हे फार लहान आहे." तिने ते स्वतःच्या मधल्या बोटात घालून पाहिलं. "मला जवळजवळ बसतंय."

"कुठे सापडलं, दादा?"

"हाडांच्या जवळच. हाताच्या."

आर्चडिकननी अंगुस्तान तिच्याकडून घेऊन बोटांनी चाचपलं. धुकं आता विरळ झालं होतं, पण दिवस काही उजळला नव्हता.

"दादा, आता नीट आठवून सांगा. खड्ड्यात कवटी कोणत्या बाजूला होती? दगडाच्या बाजूला की लांब?"

"दगडाच्या. सगळ्यांची तशीच असते."

"हाडं कशी होती? संस्थापक माझ्याहून उंच होते म्हणतात. फाटकाच्या कमानीखालून टोपी काढून यायचे."

गवंड्याने डोकं खाजवलं. "उंच? नाही बा. हाडं बारीक होती. मी म्हटलंसुद्धा, केवढासा जीव हा. चिटणीससाहेब म्हणाले, म्हातारपणी माणूस आकसतो."

"आणि जागा आखताना तुम्ही काय म्हणालात?"

"एवढंच म्हणालो की साहेब, दगड बसवताना अक्षरं कबरीकडे करतात. बाकी सगळ्या दगडांची अक्षरं पूर्वेला आहेत, कबरी पूर्वेला आहेत. याची अक्षरं वाटेकडे. ते म्हणाले, तू विटा लाव." गवंडी खाली बघून पुटपुटला, "मग मी विटा लावल्या."

"आजोबा," शेपटीने हळूच विचारलं, "म्हणजे त्या खड्ड्यात कोण होतं?"

"शिवण शिकवणारी एक बाई असावी. जुन्या मिशनांत बायबल-बाई असायच्या. घरोघर जायच्या, बायकांना शिवण शिकवायच्या आणि शिकवता शिकवता शुभवर्तमान वाचून दाखवायच्या. ज्या घरात पाळकाला उंबरा ओलांडू देत नसत तिथे त्या चुलीपर्यंत पोचायच्या."

"आमच्या पहिल्या बायबल-बाईचं थडगं कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही," शेपूट म्हणाली. "लाकडी क्रूस होता, तो कुजला."

"आता माहीत झालं," आर्चडिकन म्हणाले, पण त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. "चल, वाटेवर जाऊ. मला आता एकच गोष्ट बघायची आहे, आणि ती दिसू नये असंही वाटतंय."

५

दोघं फाटकापासून चालू लागली. एका बाजूला म्हातारा, दुसऱ्या बाजूला, दगडांच्या रांगेला लागून, शेपूट. खडी बुटांखाली करकरत होती. संस्थापकांच्या दगडापाशी आल्यावर आर्चडिकन सरळ पुढे गेले. शेपूट वळसा घालून आली आणि पुन्हा कडेला लागली.

आर्चडिकन थांबले.

"मागे जा. पुन्हा चालत ये."

ती मागे गेली. पुन्हा आली. पुन्हा वळसा.

"तू तिथून का गेलीस?"

"कुठून?" शेपटीला कळेना.

"दगडासमोरच्या जागेवर पाय नाही दिलास."

शेपटीने खाली पाहिलं. तिला स्वतःलाच नवल वाटलं. "बाबा असेच जातात. म्हणून मीही."

"पहिल्यापासून?"

ती विचार करू लागली. आर्चडिकननी घाई केली नाही. "नाही," ती शेवटी म्हणाली. "पूर्वी सरळ जायचो. हल्लीच. आई हॉस्पिटलातून आली तेव्हापासून."

आणि बोलता बोलता ती त्या जागेपासून एक पाऊल मागे सरकली.

मग आर्चडिकननी छत्रीच्या टोकाने वाटेच्या मधली खडी थोडी बाजूला केली. खाली जुन्या विटांची एक कड दिसली. वाटेची जुनी कड. ती सरळ येत होती, दगडासमोर आल्यावर बाहेर वळत होती, माणसाच्या लांबीएवढी जागा सोडून पुन्हा रांगेशी जाऊन मिळत होती.

"जुनी वाट इथे वळसा घालायची," ते म्हणाले. "तुझ्यासारखाच. पुढे कोणीतरी ती सरळ केली, बहुधा गाड्या चॅपेलपर्यंत जाव्यात म्हणून, आणि वर खडी ओतली. वळसा का होता ते कोणी विचारलं नाही."

राखणदार घरातून त्यांना बघत होता. छत्री खडीत गेलेली दिसताच तो धावत आला. आतापर्यंत शेपटीने बाबांना कधी धावताना पाहिलं नव्हतं.

"साहेब, नका!"

"मी त्या जागेला हात लावलेला नाही," आर्चडिकन शांतपणे म्हणाले. "लावणारही नाही. बाळ तिथे आहे ना?"

राखणदार त्या जागेपाशी खाली बसला आणि विस्कटलेली खडी हाताने सारखी करू लागला.

फाटकावर एक पाटी होती, बाळांनो, जुनी, मुलामा दिलेली. या भूमीत फक्त बाप्तिस्मा झालेल्यांचं दफन होईल, असं तिच्यावर लिहिलं होतं. दर काही महिन्यांनी ती पाटी पुसायचं काम राखणदाराचं होतं. ज्यांचा बाप्तिस्मा झाला नाही त्यांची जागा भिंतीपलीकडे, काटेरी झुडपांत. बाप्तिस्मा व्हायला बाळ जिवंत जन्मावं लागतं.

"नर्सने खोक्यात घालून दिला," राखणदार म्हणाला. "मुलगा होता. मी त्याला भिंतीपलीकडे नेला होता साहेब. फावडंही उचललं होतं. पण तिथे कुत्री फिरतात. मी परत आलो. म्हटलं, एवढा मोठा माणूस आहे हा, याच्या दाराशी ठेवू. हा काय नाही म्हणणार आहे?"

"हिच्या आईला माहीत आहे?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "हॉस्पिटलवाल्यांनी सोय केली असं सांगितलंय. नियम मोडला हे कळलं तर घर जाईल, त्या धसक्याने ती जगायची नाही. आणि आता खणून क्रूस शोधायचा म्हटलं तर पहिली कुदळ त्याच्यावर पडणार. त्यापेक्षा मी चोर बरा."

शेपूट दगडाकडे पाहत उभी होती. मग तिने हळूच बाबांचा कोट धरला.

६

रविवारची उपासना संपली. लोक घरी गेले. दगडापाशी बिशप, चिटणीस, आर्चडिकन, गवंडी आणि राखणदार उभे राहिले, आणि अर्थात शेपूट. आभाळ शिशासारखं होतं.

"निर्णय मला द्यायचा आहे," बिशप म्हणाले. ते या पदावर नवे होते आणि बोलताना अंगठी फिरवायची त्यांना सवय होती. "चोर कोण?"

"चोर नाही," आर्चडिकन म्हणाले. "चोरीही नाही. क्रूस जिथे ठेवला होता तिथेच आहे. आपण दुसऱ्याचं दार ठोठावलं."

चिटणीस काही बोलणार होते. बिशपांनी त्यांना थांबवलं.

"साधा विश्वासी पूर्वेला तोंड करून निजतो," आर्चडिकन पुढे म्हणाले, "हे आपण सगळे जाणतो. पण जुन्या मिशनऱ्यांच्या काही मंडळ्यांत एक रिवाज होता, आता मागे पडलेला. दीक्षा झालेल्या पाळकाला उलटं पुरायचं. डोकं पूर्वेला, पाय पश्चिमेला. का, तर त्या दिवशी कळप उठेल, तेव्हा मेंढपाळ त्यांच्यासमोर, त्यांच्याकडे तोंड करून उठावा. जसा उपदेशपीठावर उभा राहायचा तसा. आमच्या विद्यालयातले म्हातारे गुरुजी हे सांगायचे आणि आम्ही मागच्या बाकावर पेंगायचो."

"ऐकीव गोष्ट," चिटणीस म्हणाले.

"म्हणून तिच्यावर थांबलो नाही. हा दगड बघा. बाकीच्यांची अक्षरं पूर्वेला, कबरी पूर्वेला. याची अक्षरं पश्चिमेला, तर कबर पश्चिमेला. म्हणजे आपण उभे आहोत तिथे, वाटेखाली. जुन्या वाटेची विटांची कड इथे वळसा घालते, कारण वाट बांधणाऱ्यांना माहीत होतं की इथे कोणी निजलेलं आहे. तुम्ही जे उघडलंत त्यातली हाडं बारीक, बोटात लहानसं अंगुस्तान, डोकं पश्चिमेला. ती बाई होती, आणि ती तिच्या जागी अगदी बरोबर होती. संस्थापकांची खूण दगडाची म्हणून टिकली, तिचा क्रूस लाकडाचा होता म्हणून गेला, आणि तिचं थडगं आपण टिकलेल्या दगडाच्या नावावर लावून टाकलं. वाटेवरून तो तिच्या उशाशीच दिसतो."

बिशप अंगठी फिरवायचे थांबले. "आणि ही ताजी माती?"

आर्चडिकन छत्री टेकत बाजूला झाले. त्यांनी राखणदाराकडे पाहिलं नाही, मुद्दामच.

राखणदार पुढे आला. त्याने टोपी काढली आणि सगळं सांगितलं. भिंत, कुत्री, खोकं, पाटी. एकदाही अडखळला नाही. सांगून झाल्यावर म्हणाला, "नियम मोडला. शिक्षा द्या. पण त्याला हलवू नका."

चिटणिसांनी खिशातून रुमाल काढला, तो उलगडला आणि तसाच परत ठेवला.

"पुरावा तर हवाच," ते अखेर म्हणाले, पण आवाज पहिल्यासारखा नव्हता. "नाहीतर उद्या लोक याच्याच नावाने बोट दाखवतील."

"तोही आहे, आणि बाळाला धक्का न लावता," आर्चडिकन म्हणाले. "बाळ दगडालगत आहे, म्हणजे संस्थापकांच्या उशाशी. त्यांचे पाय इकडे आहेत, वाटेच्या मध्यावर. दादा, फक्त इथे उकरा. हळू."

गवंड्याने खडी काढली. खालचा थर फोडताना त्याला घाम फुटला. "इथे रोलर फिरलाय साहेब," तो धापा टाकत म्हणाला. "वाट केली तेव्हापासून या मातीला कोणी हात लावलेला नाही. दगडासारखी बसलीय." मग माती मऊ झाली. मग त्याने कुदळ ठेवून हाताने उकरायला सुरुवात केली, आणि एकदम थांबला.

शेपूट वाकून पाहू लागली. मातीत चामड्याचे दोन तळवे होते, शेजारी शेजारी, उभे, टाचा खाली आणि चवडे वर, बारीक खिळ्यांच्या ओळी असलेले. पश्चिमेकडे पाय करून, पाठीवर निजलेल्या माणसाचे बूट. फार मोठ्या पायांचे. खूप चाललेल्या माणसाचे, कारण टाचा एका बाजूने झिजलेल्या होत्या.

बिशपांनी टोपी काढली.

"झाका," ते म्हणाले. "हे इथेच राहतील."

"आणि क्रूस?" चिटणिसांनी विचारलं.

"ज्याचा आहे त्याच्यापाशी आहे." ते राखणदाराकडे वळले. "पाटीवरचा नियम एकट्याने खोडायचा अधिकार मला नाही. धर्मप्रांताच्या सभेत बोलावं लागेल आणि तिथे भांडावंही लागेल. मी भांडेन. पण हे बाळ कोणी हलवणार नाही, हे मात्र आत्ता, इथे, मी सांगतो. तुझं काम तुझं आहे, घर तुझं आहे." मग ते चिटणिसांना म्हणाले, "आणि त्या बाईचं थडगं नीट बंद करा. तिची क्षमा मागून."

चिटणीस खाली मान घालून फावडं आणायला गेले. स्वतः गेले.

७

सगळे पांगले. गवंड्याने बूट झाकून खडी पसरली. राखणदार मात्र तिथेच उभा होता. चोरीचा डाग गेला होता, घर राहिलं होतं, तरी त्याचे पाय घराकडे वळेनात.

"आता घरी जा," आर्चडिकन म्हणाले.

"जाऊन काय सांगू तिला? इतके दिवस खोटं बोललो. ती रोज भिंतीला विचारते, कुठे नेला असेल हो त्याला. मी शेजारी बसून ऐकतो. आज सांगितलं तर ती मला कधी माफ करील? आणि नाही सांगितलं तर कोणीतरी दुसरंच सांगेल." त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही एवढं सगळं उलगडलंत. हेही सांगा."

आर्चडिकननी छत्रीची मूठ एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"दगड कुठे बघतो ते मला कळतं," ते म्हणाले. "हे नाही कळत, बाबा."

दोघं पुरुष वाटेवर उभे राहिले. थंड वारा सुटला होता.

शेपटीने बाबांचा कोट सोडला. ती कोणाला न विचारता घराकडे निघाली. पळाली नाही, चालत गेली. ती एकटी जात होती आणि तिच्या मागे कोणी नव्हतं, पुढेही कोणी नव्हतं.

आतल्या खोलीत अंधार होता. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. शेपूट पलंगाच्या त्या बाजूला गेली, भिंत आणि पलंग यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत शिरली, आणि आईच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. आईने तिच्याकडे पाहिलं. जणू पुष्कळ दिवसांनी पाहिलं.

"काय गं?"

शेपटीने पलंगाखालून आईच्या चपला ओढून काढल्या, एकीवरची धूळ फ्रॉकने पुसली आणि त्या आईच्या पायांपाशी जोडून ठेवल्या.

"चपला घाल, आई," ती म्हणाली. "जवळच आहे. मी दाखवते."